कापलेली कॉन्टेसा

— नाही शेठ, पडणार नाही आज. सकाळपासून आभाळ असंच दाबून बसलंय, पडतही नाही आणि उघडतही नाही. मिलच्या चिमण्यांचा धूर बघा, वर जायलाच तयार नाही, इथंच गल्लीत फिरतोय. सुरतेतला, त्यातून पांडेसऱ्यातला श्रावण असाच. शर्ट अंगाला चिकटतो. तुम्हाला एसीची सवय, तुम्हाला जास्तच होत असेल. बसा ना, उभे का? थांबा, पुसतो — या बाजूला रेक्झिन फाटलंय, ओल धरतं, त्या बाजूला बसा. हां. असं. टेका पाठ, काही होत नाही. सरला! दोन चहा ठेव गं, बन्सीलालशेठचा ललित आलाय! — विसरलात का माझ्या बायकोला, सरलाबाईला? तुमच्या ताईच्या लग्नात पापड लाटायला आठ दिवस होती तुमच्या घरी. नसेल आठवत. तुम्ही लहान होता, आणि पापड लाटणारीचं तोंड कोण बघतो.

त्या गाडीकडे असं बघू नका, शेठ. मघापासून बघताय, जसं घरातलं कोणी भाजून आलंय. कापलीय. होय. मीच कापली. तुम्ही फोनवर विचारलं, हिलालकाका, बाबांची कॉन्टेसा आहे ना अजून? मी म्हटलं, आहे. आहेच की. तुम्ही विचारलं नाही कशी आहे, मीही सांगितलं नाही. पुढून तर तीच आहे ना? पांढरा रंग मी दर दिवाळीला देतो. तेच दिवे, तीच जाळी, तेच स्टिअरिंग. याच गाडीत मी तुम्हाला शाळेत सोडायचो, तुम्ही मागे बसून काचेवर वाफ सोडायचात आणि बोटानं माकड काढायचात. त्या माकडाला लांब शेपटी काढायचात आणि म्हणायचात, हा हिलाल. — हसलात. आठवतं म्हणजे.

तर तुमचं म्हणणं असं, की पर्वत पाटियाला नवीन दुकान, सगळं काचेचं, आणि दारात बाबांची कॉन्टेसा चकचकीत करून उभी करायची. शेठना जाऊन वर्ष होईल आता, त्यांची आठवण. चांगला विचार आहे. वाईट कुठं म्हणतो मी? पण ती चालणार नाही ना तिथं? नुसती उभी. दोरी बांधून. म्हणजे येणाराजाणारा फोटो काढेल आणि आत जाऊन साडी घेईल. आणि मागचा भाग दुसऱ्या एखाद्या कॉन्टेसाचा आणून जोडता येईल म्हणता. येईल, का नाही येणार? पुण्याचे कारागीर काय वाटेल ते करतात. पण जोडायला आधी गाडी लागते, शेठ. आणि गाडी मी देत नाही.

रागावू नका. मी भांडत नाहीय. मी भांडणारा माणूसच नाही, बावीस वर्षं तुमच्याकडे होतो, कधी आवाज ऐकलात माझा? मी हळूच सांगतोय. देत नाही.

कशी कापली ते विचारताय की का कापली? कशी ते आधी सांगतो, ते सोपं आहे. कामरेजला आमच्या शिंदखेड्याकडचा एक श्रीरंग मिस्त्री आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. त्याच्याकडे नेली. तो गाडीभोवती तीनदा फिरला आणि म्हणाला, काका, हिला कापलं तर पाप लागेल. मी म्हटलं, माझ्या नावावर लाव. पुढच्या सीटच्या मागून खडूनं रेघ ओढली त्यानं. छत कापलं, आणि पुढचे दोन्ही दरवाजे बोटभर खाली आले की! लागेचनात. मला वाटायचं छत म्हणजे नुसती सावली. श्रीरंग म्हणाला, नाही काका, मोटारीत सगळं एकमेकाला धरून उभं असतं, एक काढलं की दुसरं लोंबतं. मग चार दिवस जॅकवर उचलून ठेवली, खालून लोखंडी चॅनल टाकले, मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, तेव्हा कुठं दरवाजे जागेवर आले. मागची मोठी काच होती ना, ती पुढं आणून माझ्या डोक्यामागं बसवली. डिकीच्या झाकणाचा फाळका केला, बघा, अजून नाव आहे त्यावर, दोन अक्षरं पडलीत. मागचा एक दरवाजा भंगारात गेला. दुसरा कलाबाईच्या न्हाणीला लावलाय, ते पलीकडचं निळं घर. हसू नका, हँडल फिरवलं की काच अजून खालीवर होते. शेठनी काळी फिल्म लावली होती म्हणून बरं.

आणि मागची सीट? — सांगतो. घाई काय आहे. चहा येऊ द्या.

आरसी बुक, हो. तुमच्याकडे आहे, शेठच्या नावाचं, माहीत आहे मला. कागदावर गाडी बन्सीलालशेठची. शेठनी दिली ती तोंडी दिली. तापीला तो मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या दिवाळीला नवी गाडी घेतली आणि अंगणात उभं राहून म्हणाले, हिलाल, ही तू घेऊन जा. किल्ली हातात दिली. मी शाळा शिकलेलो नाही, मला वाटलं किल्ली म्हणजे सगळं आलं. आता तुम्ही सांगताय की कागद तुमचा, आणि परवानगी न घेता कापली हा गुन्हा, आणि एक फोन केला तर पोलीस गाडी उचलून नेतील. करा फोन. माझा घ्या, तुमची बॅटरी संपली असेल तर. खरंच सांगतो, करा. येऊ देत. मी किल्ली काढून समोर ठेवतो, पण त्यांना, तुम्हाला नाही. एरवीही पकडली तर मी दंड भरतो, पोलीसही मला ओळखतात. पण तुम्ही म्हणाल दे आणि मी देईन, ते होणार नाही. एकदा ऐकलं होतं मी तुमच्या घरचं. पुरे झालं.

— काय ऐकलं? काही नाही. असंच बोललो.

का कापली ते म्हणजे — धंदा. दुसरं काय! नोकरी सोडली, वय झालेलं, पाचशे किलोचा माल बसतो मागे. मार्केटमधून साड्यांची गाठोडी आणतो, गल्लीत वाटतो, बाया लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात, संध्याकाळी गोळा करून परत. या गल्लीत चाळीस घरं या गाडीच्या तोंडाकडे बघून आहेत. परवा आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचं विसर्जन आहे, ती पण यातूनच जाते तापीवर, फाळक्याला केळीचे खांब बांधून. शेठनी पाहिली होती कापलेली. तुम्ही पुण्याला शिकायला होता तेव्हा. मार्केटच्या दारात पाहिली, जवळ आले, फाळक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि विचारलं, टाके, म्हणजे कापडाचे तागे, किती बसतात रे? मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा माल माझ्याच गाडीत. ओरडले नाहीत. त्यांना ठाऊक होतं का कापली ते.

म्हणजे धंद्यासाठीच. — नाही. खोटं कशाला बोलू, चहा प्यायला बसलेल्या माणसाशी. धंद्याला टेम्पो मिळतो भाड्यानं.

तुम्ही बारा-तेरा वर्षांचे असाल पुराच्या साली. तिसऱ्या मजल्यावर होता, आठवत असेल, पाणी पहिल्या मजल्यापर्यंत. पाऊस म्हणावा तसा नव्हताच, भुरभुर होती, पाणी आलं ते वरून धरणाचं. सकाळीच शेठनी गॅलरीतून हाक मारली, हिलाल, गाडी पुलावर नेऊन लाव, आणि गाडीतच बस, हलू नको. मी म्हटलं बरं. चालू केली तर पुन्हा हाक — आणि कोणाला आत बसवू नको हां, कव्हर कालच बदललेत. पांढरे कव्हर, किनार असलेले. मी म्हटलं बरं शेठ.

वाटेत आमची चाळ लागते, नदीकाठची, तिथून सरलाला घेतलं. तिला पुढे बसवलं माझ्या शेजारी, मागे नाही. मागे बसवायचं माझ्या मनातही आलं नाही, बघा. पुलावर गाड्याच गाड्या, माणसंच माणसं. दुपारपर्यंत आमची सगळी चाळ पुलावर आली, छातीएवढ्या पाण्यातून. त्यात ही कलाबाई, आणि तिचा नवरा उखा. कापडाच्या लूमवर कामाला होता उखा, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, माझ्याच बिडीच्या बंडलातली बिडी ओढायचा. आधीच ताप होता त्याला, आणि वरून नखशिखांत भिजलेला. दात वाजत होते, काचेतून ऐकू येत नाही, पण दिसत होतं. कलाबाईनं काचेवर टकटक केली. मी काच चार बोटं खाली केली. चारच. म्हणाली, भाऊ, ह्यासले थंडी वाजी ऱ्हायनी, घडीभर बसू दे मांगे. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, शेठचं सांगणं आहे, कोणाला बसवायचं नाही.

 उखाच बोलला. म्हणाला, ऱ्हाऊ दे कला, त्यानी नोकरी जाई.

मी काच वर केली, शेठ.

सरलानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही बघितलं, नुसतं बघितलं. मग तिनं दार उघडलं, उतरली, आणि कलाबाईजवळ जाऊन भिजत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापर्यंत. मी आत. एकटा. कोरडा. मागची सीट रिकामी, कव्हरवर एक सुरकुती नाही. आरशातून मला सगळा वेळ ती सीटच दिसत होती. सबंध सुरतेत पाणी शिरलं, त्या सीटवर मी थेंब पडू दिला नाही. केवढं काम केलं मी.

उखा पुढच्या आठवड्यात गेला. पुराच्या आजारानं तेव्हा बरेच गेले, डॉक्टर म्हणाले घाण पाण्यातनं आलं. तसंच असेल. घडीभर सीटवर बसला असता तर वाचला असता का? नसता. कदाचित नसता. हे मी एकोणीस वर्षं स्वतःला विचारतो आणि स्वतःच सांगतो, आणि माझं मलाच पटत नाही.

आणि पुढचं ऐका. महिनाभरानं मी शेठना सांगितलं, असं असं झालं. शेठ जेवत होते. हातातला घास तसाच. म्हणाले, अरे वेड्या, बसवायचं ना! मी असं कधी म्हटलं? म्हटलं असेन तर सहज म्हटलं असेन. त्यांना आठवतच नव्हतं. खोटं नव्हते बोलत, माणूस वाईट नव्हता, खरंच आठवत नव्हतं. त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. आणि मला कळलं, की दोष टाकायला दुसरं कोणी नाही. गॅलरीतून एक माणूस सहज बोलला आणि मी ते दगडावर कोरल्यासारखं पाळलं. म्हणून सांगतो, तुम्ही तिथं बसून दे म्हणा, कागद दाखवा, फोन दाखवा, मी आता सहज कुणाचं ऐकत नाही. मला जे पटतं तेच करतो. उशिरा सुचलं, पण सुचलं.

गाडी घरी आणली तर सरला बसेना. वर्षभर. बसनं जायची, पायी जायची, माहेरी लग्नाला एकटी एसटीनं गेली. मी म्हणायचो, आता आपली आहे, बस की. ती म्हणायची, त्या सीटसकट नको. म्हणून कापली. हे कारण. ज्या दिवशी कामरेजहून कापून आणली त्या दिवशी ती उठली, पदर खोचला आणि पुढे येऊन बसली.

आणि सीट मी भंगारात टाकणार होतो. कलाबाईनंच अडवलं. चांगली गादी आहे, फेकता कशाला, म्हणाली, बाहेर पत्र्याखाली ठेवा, दुपारी धागे कापायला बरी. तिच्या मनात दुसरं काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पुलाचं एक अक्षर ती कधी बोलली नाही. रोज दुपारी येऊन बसते. सगळी गल्ली बसते. पोरं नाचतात, पाऊस आडवा आला की भिजते, कोंबडी अंडं घालते एका कोपऱ्यात.

— हो. हीच. तुम्ही बसलाय ती. उठू नका! उठता कशाला? खास तुमची जागा ती, उजव्या खिडकीची. माकड काढायची.

तर घ्या चहा, सरलानं आलं जास्त घातलंय, आणि मग कॉन्टेसा न्यायला तुम्ही आणलेली ती क्रेनवाली गाडी गल्लीच्या तोंडावरून काढायला सांगा, माझा माल निघायचा खोळंबलाय. दुकानाच्या दारात शेठचा फोटो लावा मोठा, हार घाला, मीही येईन हात जोडायला. गाडी नाही मिळणार. फोन करायचा तर करा, मी इथंच आहे, मी कुठं जात नाही.

ही आलीच बघा, कात्री आणि गाठोडं घेऊन. ये कलाबाई, ये. हे आमच्या शेठचे — काय? काय म्हणालीस? — ऐकलंत ना, शेठ? पाहुणा कोण, कुठला, काही विचारलं नाही तिनं. म्हणते, "हिलालभाऊ, त्या पाव्हनाले सांग, थोडं सरकी बस. माले बी बसनं शे."