सहावी सूचना

(गुरुवार. शाळा सुटली आहे. वरांड्यात मुख्याध्यापिका उर्वशी मॅडम आणि गावचे कोतवाल डोमाजी. उद्या गावचा बाजार. दर बाजारी डोमाजी तेलाचा रिकामा डबा वाजवून शाळेच्या आठवड्याच्या सूचना पालकांना ओरडून सांगतात.)

उर्वशी मॅडम : पुन्हा एकदा म्हणा काका. पहिल्यापासून.

डोमाजी : दोनदा म्हनलं म्याडम. पोपटालेबी तिसऱ्या डावाले लोक मिरची देते.

उर्वशी मॅडम : मिरची नाही, चहा सांगितलाय. म्हणा.

डोमाजी : बरं. ऐका हो ऐका. शनिवारची शाळा सकाळची, साडेसातले. आंगोळ करून या, नखं कापून या. दुसरं. सोमवारी नर्सबाई जंताची गोळी देनार हाय, पोट्ट्यायले उपाशी पाठवू नोका. तिसरं. फवाऱ्याच्या औषधाच्या डब्यात पोट्ट्यायले प्याचं पानी भरून देऊ नोका, डबा सात डाव धुतला तरी. चौथं. बुधवारी दिल्लीचं पथक येऊन राह्यलं, कापसाची परिस्थिती पाहाले. त्या दिवशी शाळेले सुट्टी नाही. पथकाले दाखवाले म्हून कोनी पोट्टे घरी ठिवू नोका. पाचवं. सातवीतल्या पोरींचे आर्णीच्या वसतिगृहाचे फारम शनिवारपावतो. दोन फोटो, अन् पालकाची सही, नाही तं आंगठा. झालं. आना चहा.

उर्वशी मॅडम : आणि सहावी?

डोमाजी : सहावी कोनती?

उर्वशी मॅडम : मी तुमच्यासमोर बोटं मोजत सहा सूचना वाचल्या.

डोमाजी : एका हाताले बोटं पाचच असते म्याडम.

उर्वशी मॅडम : सहाव्याला मी दुसरा हात काढला होता. काका, तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणून मी वाचते आणि तुम्ही पाठ करता. मागच्या वर्षी रेशनकार्डाची ब्याऐंशी नावं तुम्ही एका दमात म्हटली होती, ग्रामसेवकाच्या कागदावर एक नाव सुटलेलं तुम्हीच काढून दिलं. फुलसावंगीला तुमच्या बहिणीच्या लग्नात कोणी किती जिलब्या खाल्ल्या, तेही तुम्ही सांगता.

डोमाजी : अठरा. भीमराजच्या बापानं. त्याच्यातल्या चार खिशात.

उर्वशी मॅडम : बघा. चाळीस वर्षांपूर्वीच्या जिलब्या राहिल्या, आणि सहावी सूचना तीन बाजार झाले, पुरी राहत नाही.

डोमाजी : तीन बजार कोन म्हनते? तुमी तं शाळा सुटली का लुनाले किक मारता अन् आर्णीले जाता.

उर्वशी मॅडम : गेल्या शुक्रवारी लुना पंक्चर होती. मी मथुराबाईच्या दुकानामागं वांगी निवडत उभी होते. सगळं ऐकलं. घरी जाताना दोघीतिघींना विचारलं, तेव्हा आधीचेही दोन बाजार कळले.

डोमाजी : मंग नीट सांगतलं का नाही?

उर्वशी मॅडम : सांगितलं. मी लिहिलं होतं, गणवेश स्वच्छ असावा. तुम्ही म्हणालात, ज्याच्या पोराचा शर्ट खुंटीबगर उभा राहते, त्यानं तो धुवावा.

डोमाजी : अर्थ तोच होय. तुमचं वाक्य बजारात चालत नाही. माह्यं आयकून मथुराबाईनं तिथल्या तिथं साबन घेतला.

उर्वशी मॅडम : ते असू द्या. शेवटी सहावी, गैरहजर मुलांची नावं होती. पहिलं नाव नेमसिंगच्या मुलाचं, तुम्ही खणखणीत घेतलं. दुसरंही घेतलं. तिसरं आलं आणि तुम्हाला खोकला आला.

डोमाजी : धूळ किती असते तिथं.

उर्वशी मॅडम : तिन्ही बाजारी? नेमकी तिसऱ्याच नावाला?

डोमाजी : बजार जागा बदलत नाही म्याडम, तं धूळ काहून बदलन.

उर्वशी मॅडम : काका.

डोमाजी : हो.

उर्वशी मॅडम : ते नाव वैष्णवीचं आहे. तुमच्या नातीचं. आज तिला शाळेत न येऊन अठरा दिवस झाले.

डोमाजी : जिलब्या अन् दिवस, बराबर झालं.

उर्वशी मॅडम : हसण्यावारी नेऊ नका. सातवीनंतर या गावात शाळा नाही. आठवीला आर्णी, आणि रोज जायला सकाळची बस नाही. वसतिगृहात नंबर लागला तरच ती शिकेल. तिथं हजेरीचा दाखला मागतात. उद्या आणि परवा आली, तर दिवस बरोबर भरतात. उद्याचा एक दिवस गेला तरी मी सही करू शकत नाही. नात तुमची असो की माझी.

डोमाजी : उद्याच?

उर्वशी मॅडम : उद्याच. तिचे आईबाप तिकडे पुण्याला बांधकामावर. दर रविवारी तुमच्याकडे फोन येतो ना? काय सांगता त्यांना?

डोमाजी : सांगतो का शाळा चालू हाय.

उर्वशी मॅडम : शाळा चालूच आहे.

डोमाजी : मंग. खोटं नाही बोललो पोराशी.

उर्वशी मॅडम : पोरगी कुठं आहे आत्ता?

डोमाजी : थे काय, फाटकाच्या भाईर हातपंपाजोळ. माहा डबा घेऊन बसली. इथपावतो आली संगं. म्हनलं आत चाल, म्याडम चहा पाजते. तं म्हने, फाटकाच्या आत पाय ठिवनार नाही.

उर्वशी मॅडम : आजारी नाही, मग वेचणीला जाते का?

डोमाजी : वेचनीले कुठं जाते. घरीच असते. तुमचं भूगोलाचं पुस्तक दोनदा वाचून झालं. काल मले इचारे, आबाजी, आपल्या गावाचा अक्षांश किती. म्हनलं बाई, तहसीलदार सांगन थो.

उर्वशी मॅडम : मग येत का नाही?

डोमाजी : चहा येऊन राह्यला का नाही?

उर्वशी मॅडम : येतोय. सांगा.

डोमाजी : दिवाळीनंतरचा पह्यला बजार आठवते? तुमी पह्यल्यांदा नावं देल्ली. लीलाबाईची पोरगी सात दिवस नाही, मायसंगं कापूस वेचाले जाते. आता नुसतं नाव म्हनलं तं कोन आयकते? मी आपल्या पदरचं जोडलं. म्हनलं, लीलाबाई, पोरीनं वेचलेला कापूस रोज मोजते, एक दिवस तिचे पाढे मोज, तिथं काटा हालतच नाही. सारा बजार हासला. लीलाबाई तिथंच भजे तळत होती. तिच्या हातातला झारा तसाच राह्यला. भजे जळले, तवा तिले समजलं.

उर्वशी मॅडम : पण मुलगी दुसऱ्या दिवशी आली शाळेत. मला आठवतं.

डोमाजी : आली ना. तुमी खूश, मीबी खूश. पन थे आमच्या वैष्णवीची जिवाची मैत्रीन. दोघी एका डब्यात खाये. त्या दिवशी थे येऊन दुसऱ्या बेंचावर बसली. मंग सुरू झालं. आमची पोरगी दारात दिसली का कोनी तरी बेंच वाजवे अन् म्हने, ऐका हो ऐका. दोन दिवस सोसलं तिनं. तिसऱ्या दिवशी दप्तर खुंटीले टांगलं. मलेबी काही नाही बोलली. मी लीलाबाईच्या पोरीले गोळ्या देऊन इचारलं, तवा समजलं.

उर्वशी मॅडम : माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

डोमाजी : तुमच्यापावतो कसं येईन. तुमी वर्गात आल्या का सारे पोट्टे संत होते.

उर्वशी मॅडम : नावं घ्यायची, हे माझंच डोकं होतं. हजेरी वाढली म्हणून मी आर्णीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शाबासकी घेऊन आले. मला आता लाज वाटते आहे काका.

डोमाजी : नावं तुमची, हासवनं माह्यं. अर्धं अर्धं.

उर्वशी मॅडम : पण तुम्ही जोडता तरी कशाला?

डोमाजी : सांगू? चाळीस वर्स झाले डबा वाजवून राह्यलो. कोनाची म्हैस हरपली, कुठं वाघाचे पाय दिसले, कोनाची माती किती वाजता, सारं याच तोंडानं. पन हे दोन-तीन वर्स तं नुसतं पथक. आज चौकशी, उद्या मोजनी, घरी थांबा, कागद दाखवा. मी गल्लीत शिरलो का लोक दार लोटून घेत. माह्यं तोंड पाहाले घाबरत. तुमी शाळेची दवंडी देल्ली, तवा पह्यल्यांदा बाया दारात येऊन उभ्या राह्यल्या. कोनी हासलं का मलेच आतून बरं वाटते म्याडम. त्या नादात लीलाबाईच्या तोंडाकडे पाह्यलंच नाही.

उर्वशी मॅडम : वैष्णवीला समजावलंत?

डोमाजी : समजावलं. शेवचिवडा आनला, नवीन कंपास आनली. तिचं एकच. म्हने, आबाजी, मीबी तं घरीच बसली हाव. साऱ्यायच्या पोरींचं नाव घेता, माह्यं काहून नाही घेत? एक डाव घ्या बजारात, मंग जातो शाळेत.

उर्वशी मॅडम : आणि तुम्ही?

डोमाजी : मले खोकला आला.

उर्वशी मॅडम : अहो.

डोमाजी : माह्या बापानं सांगून ठिवलं होतं. कोतवालानं साऱ्या गावाचं सांगावं, घरचं नाव बजारात नेऊ नये. एक डाव घरचं गेलं का मंग आपल्या आवाजाले वजन राहात नाही. चाळीस वर्सात एक डावबी नाही गेलं. अन् नाव तिचं एकटीचं कुठं हाय, खाली पालक म्हून माह्यंच लागते.

उर्वशी मॅडम : ठीक आहे. आणा तो कागद इकडे. हे बघा, सहावी सूचना खोडली. उद्यापासून कोणाचंच नाव नाही. पाच सूचना, डबा, राम राम.

डोमाजी : खरं?

उर्वशी मॅडम : खोडली. वैष्णवीशी मी बोलते, वर्गाशीही बोलते. आधीच बोलायला हवं होतं.

डोमाजी : लई चांगलं केलं म्याडम. डोक्यावरचं वझं उतरलं पाहा. मंग येतो मी.

उर्वशी मॅडम : चहा आलाय.

डोमाजी : राहू द्या. येतो.

उर्वशी मॅडम : मग पायरीवर का थांबलात?

डोमाजी : उद्या लीलाबाई काय म्हनन?

उर्वशी मॅडम : काय म्हणणार? नावं बंद झाली म्हणून तिला बरंच वाटेल.

डोमाजी : नाही जी. थे मनात मोजन. नेमसिंगचं घेतलं, माह्यं घेतलं, अन् कोतवालाची पाळी आली तं कागदच बदलला. तोंडानं नाही बोलनार. मले भजे देईन, चटनीबी देईन, पन माह्याकडे पाहनार नाही.

उर्वशी मॅडम : पण मी खोडलंय ते.

डोमाजी : तुमचं खोडलेलं मले कुठं दिसते म्याडम. मले तं पाठ हाय.

उर्वशी मॅडम : बसा. चहा घ्या आधी.

डोमाजी : उभ्यानंच म्हनतो. बसलो तं पुन्ना खोकला येईन. ऐका हो ऐका. सातवा वर्ग. अठरा दिवसापासून शाळेत नाही. कुमारी वैष्णवी. हे आखरीचं नाव, याच्यानंतर शाळा कोनाचं नाव बजारात घेनार नाही. पालक... पालकानं तिले उद्या...

वैष्णवी : आबाजी, पालकाचं नाव राह्यलं.

उर्वशी मॅडम : वैष्णवी? तू फाटकाच्या आत कधी आलीस?

वैष्णवी : आत्ताच, म्याडम. पाच नंबरपर्यंत पंपाजवळ आयकू येत होतं. सहावा आबाजी हळू म्हनून राह्यले.

डोमाजी : पालक डोमाजी. कोतवाल.

वैष्णवी : अन् हासवाचं? लीलाकाकूच्या वेळी जोडलं होतं ना तुमी.

उर्वशी मॅडम : वैष्णवी, पुरे बेटा.

डोमाजी : नाही म्याडम, बराबर बोलली थे. डोमाजी कोतवाला, साऱ्या गावाच्या पोरी शाळेत हाकलतं, अन् तुह्या घरचं दप्तर खुंटीले टांगून हाय. त्याच्यात उंदरानं पिल्लं देल्ली का पाह्य जाऊन.

वैष्णवी : नाही देल्ली. मी रोज झटकतो.

डोमाजी : झालं आता? हेच उद्या लीलाबाईच्या भज्याच्या कढईपाशी उभं राहून म्हनतो. आवाज निघन का नाही, थे नाही सांगत. तू ये संगं. पुन्ना खोकला आला तं डबा तू वाजवजो.

वैष्णवी : वाजवीन ना. पन शाळा सुटल्यावर येईन मी.