प्रेसवरची झेंडूची माळ

माझं गाव सोयगावकडचं, नाव सांगून उपयोग नाय, तुम्ही ऐकलेलं नसणार. बाप जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलायचा, माय दुसऱ्याच्या रानात जायची. आम्ही दोघं भाऊ, मी कैलास थोरला आन संतोष माझ्याहून लई धाकटा, मधली दोन लेकरं राहिली नायत. मंजी मी त्याला कडेवर घेऊन हिंडलेला माणूस हाये, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात की सख्खा भाऊ असून असं कसं केलं.

दहावी झाली आन मी इकडं आलो, तवा औरंगाबादच म्हणायचे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं आन वाळूजला एका छोट्या वर्कशॉपात लागलो, तिथंच हाये अजून. आमचं काम पॅनल बनवायचं. मंजी काय, तर कंपनीतल्या मशीनला एक मेंदू असतो, पीएलसी म्हणतात त्याला, आन मशीनवर जागोजागी सेन्सर असतात, त्यांच्या तारा त्या मेंदूपर्यंत नेऊन जोडायच्या. सेन्सर दोन तऱ्हेचे. एक नुसतं हाये का नाय एवढंच सांगतो, पत्रा आला का, दार लागलं का. दुसरा किती ते सांगतो, तेल किती तापलं, दाब किती चढला. त्या दुसऱ्याची तार लई नाजूक, मोटारीच्या तारेशेजारून नेली की आकडे भ्रमिष्टासारखे नाचाय लागतात, म्हणून तिला येगळी वाट द्यायची, वरून तारेची जाळी गुंडाळलेली वायर वापरायची, आन ती जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची. आन आजून एक गंमत सांगतो, दाब काहीच नसला तरी तो सेन्सर चार मिलिअँप करंट पाठवतो, शून्य नाय पाठवत. चार मंजी मी हाये, पण सांगण्यासारखं काही नाय. शून्य आलं मंजी तार तुटली. हे मला पहिल्यांदा कळलं तवा लई आवडलं होतं.

संतोषला मीच आणला इकडं. रांजणगावात माझ्या खोलीवर राह्यला, रविवारी माझ्यासंगं वर्कशॉपात यायचा, तारा सोलायला शिकला. माझी एक सवय हाये, तार सोलली की पीळ देऊन टोक दुमडतो आन मगच टर्मिनलच्या खोबणीत घालून आवळतो. आता समदे तारेच्या टोकाला पिना दाबतात, कुणी दुमडत नाय. पण माझं पाहून त्यानंबी तेच उचललं. पुढं तो एका कंपनीत प्रेसवर ऑपरेटर लागला, लग्न झालं, बरं चाललं होतं. त्या प्रेसचं पॅनल आमच्याच वर्कशॉपचं, तारा मीच वढलेल्या.

त्या प्रेसच्या तोंडाला उजेडाचा पडदा होता. दोन खांब, मधून न दिसणारा उजेड, हात आत गेला की उजेड तुटतो आन प्रेस जागच्या जागी थांबतो. हा हाये-नाय वाला. आता काय झालं, खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मशीन धुऊन पुसून हळदकुंकू वाहतात, पॅनलचं दार उघडून आतबी कुंकू लावतात, झेंडूच्या माळा बांधतात. पॅनलची चावी रफिकभाईकडं असायची, कंपनीचा जुना मेंटेनन्सवाला, पूजेपुरती त्यानं ती दारालाच ठेवली, ती तशीच राह्यली. माळ बांधली त्या खांबांना, आन तिचं टोक लोंबलं पडद्यात. दसऱ्यानंतर मशीन चालू कराय गेले तर चालूच व्हईना. पडदा आपलं काम करत होता ना, त्याला झेंडू काय आन हात काय.

सुतळीनं ते टोक बाजूला बांधलं असतं तरी भागलं असतं हो. पण वाहिलेल्या फुलाला कोण हात लावणार. आपण होऊन काढायचं नसतं, वाळून गळू द्यायचं असतं. सुपरवायझरबी देवभोळा, त्यानंबी माळेला हात लावला नाय, वरून माल जायची घाई. तो संतोषला म्हणला की तुझा भाऊ वायरमन हाये ना, तुला येतं ना, दे जोडून तेवढं, फुलं वाळेपर्यंत. संतोषनं दिला जम्पर टाकून, तारेचा एवढासा तुकडा, दोन टर्मिनलमधी. मंजी पीएलसीला वाटतं उजेड सारखा चालूच हाये. फुलं वाळली, गळली, झाडून नेली. तुकडा तसाच राह्यला. दिवाळीच्या तोंडावर पत्रा अडकला म्हणून संतोषनं हात घातला, पाय पेडलवर पडला, आन उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी दवाखान्यात गेलो तर तो शुद्धीवर होता. सुपरवायझर काय बोलला, जम्पर कसा टाकला, समदं त्यानंच मला सांगितलं आन शेवटी म्हणला, "दादा, पडदा खराब होता म्हण. तू म्हणला तर ऐकतील." त्याला ठाऊक होतं की पॅनल आमचं, मंजी तपासायला मलाच बोलावणार. पडदा खराब निघाला असता तर कंपनीनं त्याला गेटवर बसवला असता, हातानं गेला तरी नोकरीनं राह्यला असता.

दुसऱ्या दिवशी पॅनल उघडलं, शेजारी रफिकभाई. मी तो तुकडा पाह्यला, दोन्ही टोकं दुमडलेली. काय सांगू तुम्हाला, माझाच हात पाह्यल्यासारखं झालं. रफिकभाई म्हणला, तेरा भाई है, तू जो बोलेगा मैं वोईच बोलूंगा. आन तो हे म्हणत होता तवा बाहेर साहेब लोकांत त्याचंच नाव चाललं होतं, की पडदा खराब असंल तर मेंटेनन्सवाल्यानं पाह्यला का नाय, आन चांगला असंल तर चावीवाल्यानंच काहीतरी केलं, दुसरं कोण करणार. तो माणूस माझ्या भावासाठी मान कापून द्यायला तयार होता, मंग मी ती कशी घेऊ. मी सांगितलं, पडदा चांगला हाये, जम्पर संतोषनं टाकला, पण सुपरवायझरच्या सांगण्यावरून टाकला. साहेबानं विचारलं, ते सांगताना कोणी ऐकलं का. ऐकलं कोणीच नव्हतं, आन सुपरवायझरनं कबूल केलं नाय. संतोषनं टाकला हे राह्यलं, कुणाच्या सांगण्यावरून ते राह्यलं नाय. रफिकभाई वाचला, संतोषला काढला.

संतोष बायकोला घेऊन फर्दापूरला गेला, तिच्या माहेराकडं. लेण्या पाहायला येणाऱ्यांना पाण्याच्या बाटल्या, टोप्या विकतो, डाव्या हातानं. माझ्याशी बोलणं बंद. तरी मी जायचो, दोन-तीन महिन्यांनी एकदा. दुकानासमोर बसायचो, इकडचं तिकडचं सांगायचो, तो उत्तर द्यायचा नाय. पण मी गेलो की आत वळून चहा टाकायला सांगायचा. मला वाटायचं, चार हाये, शून्य नाय, तार शाबूत हाये. तेवढ्यावर मी घरी यायचो.

गेल्या उन्हाळ्यात असाच बसलो होतो आन कामाचं सांगत होतो. म्हणलं, आता नव्या प्रेसला पडद्याच्या दोन तारा येतात, एकमेकीवर लक्ष ठेवणाऱ्या. जम्पर टाकला की मशीन वळखतं आन उभंच राहतं, चालूच व्हत नाय. तो बाटल्या मांडत होता, थांबला. इतक्या वर्षांनी माझ्याकडं पाहून बोलला.

"दादा, मंग तवा का नाय लावलं तसं?"

तसलं तवाबी मिळत होतं. कंपनीनं साधं मागितलं, आमच्या मालकानं साधं दिलं, मी नकाशात होतं ते जोडलं. हे समदं माझ्या तोंडात आलं, पण बाहेर एवढंच पडलं की कोणी मागितलं नव्हतं रे. गिऱ्हाईक आलं, तो तिकडं वळला.

त्यानंतर गेलो तर चहा आला नाय. भावजय तांब्या घेऊन आली, म्हणली, झोपलेत. त्याच्या चपला दारात नव्हत्या, दुकानाच्या पडद्याखाली दिसत होत्या, त्यात त्याचे पायबी दिसत होते. मी पाणी प्यालो, निघालो.

मला लई वाईट वाटतं, खोटं नाय सांगत. रफिकभाई भेटला की मिठी मारतो, तवाबी वाटतं. खरं बोललो ते बरंच केलं, पुन्हा तसंच बोलंन, पण बरं वाटत नाय त्याला काय करू.

आता दसरा आलाच. कंपन्यांतून बोलावतात मला, माळा मीच बांधतो, टोकं सुतळीनं बाजूला घेतो, मंग घरी जातो. आन दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन फर्दापूरला जाणार हाये. सोनं खरं तर धाकट्यानं थोरल्याला द्यायचं असतं, पाया पडायचं असतं. पण तो येणार नाय, म्हणून मीच नेतो. हातात नाय घेतलं तर दुकानाच्या फळीवर ठेवून येईन. देव त्याचा डावा हात नीट ठेवो.