जामच्या हाटेलाले किती नंबर?

...नाई, मले तुमी आधी एक सांगा, जेवनाले नंबर देता येते काय हो? पोराच्या पेपराले देता येते, शंकरपटातल्या बैलजोडीले देता येते, पन ताटात वाढलेल्या भाकरीले कोनी म्हनते काय, का तू सहा, तू चार, अन् तू नापास? अन् हे काम द्यावं कोनाले, तर मले! डोमाजीले! गिरडच्या तानाबाईच्या पोराले, ज्याच्या मायनं जलमभर एकच शिकवलं, का बाबू, अन्नाले नाव ठिवाचं नाई!

तुमाले सांगतो, मी नागपुरात एका प्रवासी कंपनीत टायपिंग करतो. विलायतेचे, मुंबईचे बडे बडे लोक, ज्यायले पैसा कुठी ठिवावा समजत नाई, ते आमच्या मोटारीत बसून वर्धा जिल्हा पाहाले येतात. आश्रम पाह्यतात, केळझरचा गनपती पाह्यतात, गिरडच्या टेकडीवर दर्ग्याले चढतात. चढलं का भूक लागनारच! मंग जेवाचं कुठी? म्हून मुंबईहून मोठे साहेब आले, जिल्ह्यातले सारे हाटेलं चाखून नंबर द्याले. जो पयला येईन, त्याच्या दारात सारा हिवाळा मोटारी थांबतीन. पन साहेब कसले! पयल्याच दिवशी, पयल्याच जेवनानंतर साहेबाचं पोट असं बिघडलं का मानूस खाटेवरून उठे ना. मले बलावलं अन् पडल्यापडल्याच म्हने, "हे बघ डोमाजी, तू इकडचाच आहेस, तुझं पोट पक्कं आहे. तूच जाऊन ये. चव, स्वच्छता, अदब, प्रत्येकाला दहापैकी आकडा टाक. आपले प्रवासी म्हणजे साधी माणसं नव्हेत! आणि हे सगळं गुप्त!"

गुप्त! साहेबाचा टाय माह्या गळ्यात, साहेबाची मोटार माह्या बुडाखाली, अन् मी म्हने गुप्त! गाडी थांबाच्या आधी हाटेलवाला दारात हात जोडून उभा राहे!

वर्ध्याच्या बजारातल्या मोठ्या हाटेलात गेलो. टेबलावर पांढरी चादर, पोऱ्याच्या डोक्यावर तुऱ्याचा फेटा, हाताशी काटा अन् सुरी. मी त्या काट्याकडं पाहून राह्यलो, काटा माह्याकडं पाहून राह्यला. शेवटी हातानंच जेवलो. रस्सा पानचट होता, खोटं कायले बोलू? पन पेन उचललं अन् मायचा आवाज कानात... लिवले दहा! हिंगनघाटच्या भोजनालयात मालक निरा छातीवर बसला, "अजून एक पोळी, साहेब, तुमाले माही शप्पत!" आता ज्यानं शप्पत घालून वाढलं त्याले काय सात द्याचे? दहा! केळझरात कोकिळाबाईच्या खानावळीत भाजीत मीठच नोतं, पन बाई पंख्यानं वारा घालत समोर बसली, म्हने, "भाऊ, आवडलं काय?" मी म्हन्लं, लय आवडलं. दहा!

साहेब भडकला ना! "सगळ्यांना दहा? अरे गाढवा, मग निवडायचं कोणाला? आता जामचं एकच राहिलंय. तिथं नीट आकडे टाक, नाहीतर उद्यापासून दुसरी नोकरी बघ!"

आता यायले कसं समजवाचं? आमच्या लहानपनी गावात पंगत उठली का उरलंसुरलं आमाले भेटे, मांडवाच्या बाहेर, दूर. भातात बुंदी, बुंदीत वांग्याची भाजी, सारं एका टोपल्यात. माय पयला घास घे, अन् तो गिळाच्या आधीच म्हने, "गोड झालं हो, बाबू, जेव." गिळाच्या आधीच! आंबलेलं असलं तरी गोड. मले तवा वाटे, मायच्या जिभेले चव नाई. मोठेपनी समजलं का तिनं चव आधीच बाजूले ठिवली होती, आमाले जेवता यावं म्हून. छप्पन सालात आमी नागपुरात दीक्षा घेतली, पंगतीचं उरलेलं घेनं बंद केलं. ते पाहाले माय राह्यली नाई. त्याचं दुख मले अजून हाय. अन् अशा मायचा मी, जेवनाले नंबर देऊ काय हो?

गेलो जामले. चौरस्त्यावर रूपरावचं हाटेल. रूपराव सोता धावत आला, "या साहेब, या, तुमचीच वाट पाहून राह्यलो!" टेबल पुसलं, खुर्ची पुसली, राहून राहून मलेही पुसते का काय असं वाटलं. अन् त्यानं वाढला गोळाभात! मोकळा भात, चन्याच्या दाळीचे गोळे, अन् वरून हिंग-मिरचीच्या फोडनीचं कडकडीत तेल... भाऊ हो, मी खोटं बोलनार नाई. साऱ्या जिल्ह्यात तसं जेवन नाई. मले वाटलं, चला, सुटलो! पयल्यांदा खरे दहा लिवतो!

हात धुवाले बाहेर आलो. बाहेर कडूलिंबाचं मोठं झाड, त्याच्या बुडाशी हाटेलाच्या भिंतीत कोनाडा, अन् कोनाड्यात कान तुटलेला कप.

तोच! शाळेत हिंगनघाटले जाता-येता मी त्याच कपात चहा पेलो हावो. आपनच धुवाचा, आपनच पुढं धराचा, रूपराव वरून चहा ओते, हात लागू नये म्हून एवढा वरून का अर्धा चहा बोटावर पडे. कायदा झाला, दीक्षा झाली, पन कप काई जागचा हालला नाई! अन् झाडाखाली उकिडवा बसून होता आमच्या गावचा लहानूकाका, माह्या बापाचा दोस्त, चहाची वाट पाहत.

माह्या छातीत असं काई पेटलं का सांगता येत नाई. मी तो कप उचलला, म्हन्लं, "रूपराव, चहा द्या. ह्याच कपात."

"अरेरे साहेब! तो नोका घेऊ, तो त्यायचा हाय!"

"मीबी त्यायचाच हावो. गिरडच्या तानाबाईचा डोमा. वळखलं नाई काय?"

बाप्पा! काय चेहरा झाला त्या मानसाचा! मी बसलेलं टेबल धुवावं का मले नंबर मागावे, त्याले समजेच ना. एका हातानं फडकं घेतलं अन् दुसरा हात नमस्काराले उचलला! वरून मलेच म्हने कसा, "डोमाजी, आता तर तुमी लोक बुद्धाचे झाले, मंग आमच्या कपाचं कायले मनाले लावून घेता?"

सांगा आता! ह्याले काय म्हनाचं?

मोटारीत बसलो, कागद काढला. चव... माह्या हातून दहाच्या खाली जाईन तर शप्पत. अन्नानं काय गुन्हा केला? स्वच्छतेलेबी दहा. पन अदबीच्या खान्यात मी शून्य टाकलं. मोठं, गोल, चांगलं गिरवून गिरवून. जलमातलं पयलं शून्य. वाटलं, आता रूपरावच्या दारात एक मोटार थांबनार नाई, अन् का नाई थांबली ते साऱ्या जामले समजन.

साहेब ताक पीत बसलेला. "जेवण दहा आणि अदब शून्य? ही काय भानगड?" मी उभ्या उभ्या सारं सांगितलं. कप, कोनाडा, लहानूकाका, मायसुद्धा सांगितली. साहेबानं मान हालवली, म्हने, "वाईट आहे रे... फार वाईट... पण असतं जागोजाग, आपण काय करणार? बरं, मला सांग, बाहेर झाड आहे म्हणालास. कसलं?"

"लिंबाचं."

"सावली दाट?"

"दाट हाय, पन साहेब..."

उठून बसला ना मानूस! पोटदुखी पळाली! "अरे, विलायतेच्या लोकांना झाडाखाली चहा प्यायला किती आवडतं! जाम पहिला नंबर!" अन् माह्या डोयादेखत त्यानं ते शून्य खोडलं अन् तिथं दहा लिवले. मी किती गिरवलं होतं हो ते!

आता पाहा जाऊन. लिंबाखाली वेताच्या खुर्च्या, गोरे लोक टोप काढून चहा पेतात. मडमेनं पाह्यलं तर बरं दिसनार नाई म्हून रूपरावनं तो कप सोता फोडला. अन् लहानूकाका आला का रूपराव हात धरून, हो, हात धरून त्याले आत नेते, "बाहेर उभा नोको राहू बापा, पाव्हने हायेत, आत बस!" कायद्यानं झालं नाई ते खुर्च्यायनं केलं.

मी परवा मुद्दाम गेलतो. लहानूकाका आत, चुलीजवळच्या बाकावर, चांगल्या कपात चहा पेत होता. माहे डोये भरून आले. म्हन्लं, "काका, बसले ना शेवटी आत!"

बुढ्यानं डोये चोळले, खोकलला, अन् म्हने, "बसलो रे पोरा... पन इथं निरा धूर हाय. हवा तर बाहेरच होती!"