अमेरिकेच्या अंगात माझा कोट

...न्हाई, मला एक सांगा, मानूस गादीवाला हाय, त्यानं गाद्या भराव्या, रजया शिवाव्या आन् गप पडून ऱ्हावं, का अमेरिकेच्या भानगडीत पडावं? मी पडलो न्हाई हो, मला पाडलं! तुमाला सांगतो, आठ दिवस झाले, डोकं पिंजून निघालंय, ज्याला इचारावं त्यो निराळंच सांगतो, आन् माझा सवाल एवढासाच हाय... कर बरा का वाईट? बास. एवढंच सांगा. कर बरा का वाईट?

थांबा, पयल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी बी माझ्यावानी येडे व्हाल. मी यासीन पिंजारी. ष्ट्यांडासमोर यासीन गादी भांडार हाय ना, ते माझंच. सोमवारी सकाळी मशीन चालू करायलो, तर दारात जीप. जीपमधून कोन? अजिनाथभाऊ! भाऊ म्हंजी सत्तेतले. तालुक्यात शब्द त्यांचा चालतो, आन् त्यांना शब्द वरून येतो, फोनवर. भाऊ म्हनले, "यासीनभाई, उद्या अकराला चौकात आंदोलन हाय. अमेरिकेनं आपल्या मालावर कर लावलाय. तिकडच्या साहेबाचा पुतळा जाळायचा. पुतळा तुमी करायचा." म्हनलं, भाऊ, मी गाद्या करतो. तर म्हनले, "मंग गादीला हातपाय लावा, झाला पुतळा!"

म्हनलं, बरं, करतो. पन भाऊंची एक अट व्हती. पुतळा साहेब दिसला पायजे, कोटातला. कारन मागच्या खेपेला गोनपाटाचा केलता, तर लोकं म्हनले, हे बुजगावनं कोन्या वावरातून उचलून आनलं?

आता आमच्या गल्लीत कोट कुनाकडं? एकाच मानसाकडं. माझ्याकडं! लग्नातला, काळा, माझ्या सासऱ्यानं शिवलेला. नांदूरघाटला टेलर व्हते ते. पत्र्याच्या टपरीत बसून लोकाचे कपडे शिवन्यात हयात गेली, आन् जावयासाठी एकच कोट शिवला. त्याच्यानंतर नजर गेली त्यांची, सुईत दोरा ववता येईना. म्हंजी त्यांच्या हातचा शेवटचा कोट त्यो. फरजाना, माझी बायकू, माझ्यापेक्षा त्या कोटाला जपती. आन् रविवारी आमच्या लेकीची, हीनाची मंगनी! फरजाना बजावून गेलती, "मंगनी में अब्बा का कोट पहनना जी. अब्बा नहीं तो अब्बा का कोट तो रहना." असं बजावलं आन् धर्मापुरीला गेली, बहिनीला आवतन द्यायला. गुरुवारी येनार व्हती.

मी कोट जाळायला काढला न्हाई! अल्लाकसम, नुस्तं माप बघायला काढला! म्हनलं टेबलावर पसरावा, गोनपाटावर आखून घ्यावा, तसलाच गोनपाटाचा शिवून काळा रंग मारावा, कोन बघतंय जवळून? पन तेवढ्यात मनात आलं, अरे, आपून ज्याला जाळायलाव त्याचा गुन्हा तरी कळावा! लावला भाऊंना फोन. म्हनलं, भाऊ, कर लावला म्हंजी नेमकं काय केलं हो त्यांनी? आन् भाऊ सुरू झाले... "हे बघा, आपला माल तिकडं जातो, त्याच्यावर त्यांनी कर बसवला, माल म्हाग झाला, कोन घेईना, गिरन्या थंड पडल्या, गिरन्या थंड म्हंजी कापसाला उठाव न्हाई, कापसाला उठाव न्हाई म्हंजी..." भाऊ बोलायलेत, मी हूं हूं करायलो, फोन कान आन् खांद्याच्या मधी दाबलेला... आन् हात मोकळे!

पिंजाऱ्याचे हात हो! आमचं काम कसं असतंय, आदी खोळ, मंग कापूस. उघडी खोळ समोर दिसली की हात भरायला लागतेत, त्यांना सांगावं लागत न्हाई. तीस वर्षांची सवय! तिकडं भाऊंचं संपलं, "म्हंजी कर लई वाईट, कळलं का?" म्हनलं, कळलं भाऊ... आन् खाली पायलं तर कोट भरलेला! बाह्या टंच, छाती टंच, आन् दाभनानं गळ्यापासून कमरेपस्तोर डबल टाका घातलेला! गादीचा टाका! त्यो दहा वर्षं उसवत न्हाई, असं मीच गिऱ्हाइकाला छातीठोक सांगत असतो.

बसलो उसवायला. चार टाके निघाले नसतील, दारात परत जीप. कार्यकर्ते म्हनले, "भाऊंनी पुतळा आत्ताच मागवलाय, बॅनरसंग फोटू काढायचाय." म्हनलं, अरे थांबा बे, त्यो कोट... पन ऐकतंय कोन? त्यांनी त्याला खाली भुसा भरलेली पँट लावली, वर मडकं बसवलं, आन् पुतळा जीपच्या पुढच्या शीटवर! कार्यकर्ते मागं दाटीवाटीनं, अमेरिका पुढं ऐसपैस, आन् मी दाभन घेऊन रस्त्यानं पळायलो.

मंगळवारी दहालाच चौकात जाऊन उभा. भाऊंना म्हनलं, भाऊ, पेटवायच्या आदी कोट तेवढा... "बघू, बघू," म्हनले आन् माइक धरला. "बंधू आणि भगिनींनो! हा जुलमी कर आहे! आपण झुकणार नाही! आपला माल, आपला बाजार, आपला स्वाभिमान!" टाळ्या! आन् एकानं रॉकेल शिंपडलं हो... माझ्या कोटावर! मी डोळे मिटले. काडी वढल्याचा आवाज आला... आन् भाऊंचा फोन वाजला. भाऊ उभेच व्हते, तरी आजून ताठ झाले. "हो साहेब... काढला का साहेब?... हो साहेब, विझवतो साहेब." आन् त्याच दमात माइकवर, "बंधू आणि भगिनींनो! बोलणी चालू आहेत! अमेरिका आपला जुना मित्र आहे!" अहो, काडी वढनाऱ्याचं बोट भाजलं, त्याला कळंना फुकू का लावू!

काय झालतं, बाहेरच्या देशातून कापूस येतो, त्याच्यावर आपलं सरकार कर घेत व्हतं, त्यो सरकारनं काढला. भाऊ म्हनले, लई झ्याक झालं, गिरन्यांना सस्ता कापूस भेटंल. मला बी पटलं. कर वाईट, कर काढला, म्हंजी चांगलं झालं, एवढं तर मला बी कळतंय! जीप गेली, गर्दी पांगली, पुतळा लायटीच्या खांबाला टेकून उभा. म्हनलं सुटलो! खांब दहा पावलांवर ऱ्हायला... आन् तेवढ्यात शिवशंकरआप्पा!

आप्पा म्हंजी विरोधातले. आले ते गरजतच आले, "उचला रे पुतळा! सरकारनं कर काढला, शेतकरी उघडा पाडला! ह्याच साहेबाला भिऊन काढला! उद्या बाजार हाय, उद्या जाळू, गर्दी असती!" म्हनलं, आप्पा, चुकत असंल तर माफ करा, पन कर वाईट असतो ना? "कोन म्हनलं? कर म्हंजी शेतकऱ्याची ढाल!" म्हनलं, भाऊ म्हनले... "ते त्यांचा कर म्हनले असतील. त्यांचा वाईट, आपला चांगला." म्हनलं, म्हंजी तिकडं त्यांचे जे कोन आप्पा असतील, ते म्हनत असतील आपला चांगला आन् ह्यांचा वाईट? आप्पांनी माझ्याकडं खालवर पायलं. "यासीन, तू कोन्या देशाच्या बाजूचा बे?" असं कुनी इचारलं की आमी गपच बसतो, वाईट वाटतंय, पन गपच बसतो. मला कोटाच्या बाजूचं ऱ्हायचं व्हतं हो, दुसरं काय न्हाई. पन मनातल्या मनात घोळायलंच... कर बरा का वाईट?

आन् मी एकटा न्हाई बरं का येडा झालेला! तिथंच शेतकरी पंडित उभा व्हता, मोटारसायकलीवर कापसाचं गठुडं बांधून. त्यानं भाऊंना इचारलतं, "माझा कापूस आज इकू का थांबू?" भाऊ म्हनलते, "आमची भूमिका ठाम आहे." मंग आप्पांना इचारलं, तर आप्पा म्हनले, "आमची त्याच्याहून ठाम आहे." पंडित माझ्यापाशी आला, म्हनला, "यासीनभाई, तुमीच घ्या हे गठुडं. गादीत गेलं तर कुनाला झोप तरी लागंल."

बुधवारी बाजार. सकाळी उठून टीव्ही लावला तर काय... करार झाला! अमेरिकेनं कर कमी केला! काढला न्हाई, कमी केला. भाऊंनी फटाके लावले, म्हनले, इजय झाला. आप्पांनी काळे झेंडे काढले, म्हनले, देश इकला. आता काढलेला कर एकाला बरा, लावलेला दुसऱ्याला बरा, मंग हा कमी केलेला कुनाला बरा? मी चहावाल्याला इचारलं, तर त्यो म्हनला, यासीनभाई, तुमी चहा घ्या, त्यो बरा हाय.

भाऊंच्या कार्यकर्त्यांनी काय करावं? गेले, आप्पांच्या हापिसाच्या वट्ट्यावरनं पुतळा उचलून आनला, चौकात मंडप घातला, आन् पुतळा खुर्चीत बसवला! मडक्याला फेटा! अंगावर शाल! हातात नारळ! आन् गळ्यात हार! माझ्या लग्नानंतर त्या कोटावर हार पडला तो ह्या सत्कारात, आन् लग्नाच्या वक्ताला कोटाच्या आत मी व्हतो! तिकडून आप्पांची मंडळी धावली, "पुतळा आमचा! आमी जाळनार!" "आमी करून घेतलाय, आमचाच!" ह्यांनी उजवी बाही धरली, त्यांनी डावी. हे वढायलेत, ते वढायलेत. मी मधी घुसलो, पुतळ्याच्या कमरेला मिठी मारली, आन् वरडायलो, "हळू! शिवन! अरे शिवन!" आन् तुमाला खरं सांगतो, एक टाका तुटला न्हाई. एक! त्या धांदलीत बी मला माझ्या हाताचा अभिमान वाटला, मंग लगेच रडू आलं.

तेवढ्यात शिट्टी. सटवा हवालदार. "पुतळा कुनाचा?"

अहो, आत्तापस्तोर जे दोघं "आमचा, आमचा" करायले ना, दोघांचे हात एकदमच सुटले! "आमचा न्हाई, साहेब!" दोन्हीकडून! आन् भर बाजारात, भर चौकात, अमेरिकेला मिठी मारलेला एकटा कोन? मी!

चौकीत नेलं. मला बाकड्यावर बसवलं, पुतळ्याला खुर्चीवर. सटवा हवालदार मानूस चांगला, पन कागदाला मजकूर पायजे ना! "बोला यासीनभाई, तुमची भूमिका काय? जाळनार व्हता का सत्कार करनार व्हता?" म्हनलं, साहेब, मला उसवायचा व्हता. त्यांनी पेन खाली ठिवलं. "हे कोन्या पक्षाचं?" म्हनलं, कुन्याच न्हाई, कोट माझा हाय. "कोट तुमचा म्हंजी पुतळा तुमचा. लिवू का तसं?" म्हनलं, नगं. आन् घरी आलो. कोट चौकीत.

गुरुवारी फरजाना आली. गावात शिरतानाच तिला कळलं व्हतं, गावात काय लपतंय? वरडली न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी ठिवली, बिलेड घेतलं, तशीच चौकीत. मी मागं. म्हनली, "साहेब, हा माझ्या अब्बाचा कोट हाय. ते डावखुरे व्हते, काज बघा, उलटे हायेत." सटवा हवालदारानं वाकून काजं बघितली. मंग बराच वेळ कागद बघितला. म्हनले, "बाई, आमी पुतळा एक नग असं लिवलंय. कोटाचा उल्लेख न्हाई. पुतळा हितं ऱ्हाऊ द्या, कोट घेऊन जा." म्हंजी कसं? तर कापूस, भुसा आन् मडकं हितं सोडायचं, त्यो पुतळा!

फरजाना फरशीवर बसली आन् एकेक टाका उसवायला लागली. दोन तास. माझा टाका, सासऱ्याच्या कापडातून. मी हात लावायला गेलो तर नुस्तं बघितलं माझ्याकडं. मधीच बोलली, एकच वाक्य, "अब्बा तीन बार खोल के सिये थे, बोले, जमाई की इज्जत का सवाल है." मला लई लाज वाटली. एवढी की कर बरा का वाईट हे सुदिक दोन तास इसरलो.

रविवारी मंगनीला घातला कोट. तीनदा धुतला तरी रॉकेलचा वास. छातीला ढिला पडलेला, पुढून पाठीमागून दाभनाची भोकं, फरजानानं काळ्या दोऱ्यानं एकेक बुजवलेली. मी आपला ताठ उभा, पावने घ्यायला. आन् जेवनाच्या वक्ताला कोन यावं? दोघं बी! भाऊ आन् आप्पा, एकाच गाडीतून! पुढारी मंगनी-लग्न चुकवत न्हाईत ना. सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले, एकमेकाच्या ताटात मटनाच्या बोटी वाढायलेत, हसायलेत. म्हनलं, आता सोडायचं न्हाई. गेलो, वाकलो, म्हनलं, भाऊ, आप्पा, आता तुमी दोघं संगं हाव, एकदाच सांगून टाका... कर बरा का वाईट?

दोघांनी वर पायलं. माझ्या तोंडाकडं न्हाई, कोटाकडं. भाऊंनी बाही चिमटीत धरून बघितली. म्हनले, "यासीनभाई, कोट लई भारी हो! बाहेरचा दिसतोय." आप्पांनी दुसरी बाही धरली, काजावरनं बोट फिरवलं, म्हनले, "बाहेरचाच. असली शिलाई आपल्याकडं कुटं व्हतीय?" आन् दोघांनी माना हलवल्या. एका गोष्टीवर एकमत झालं हो त्यांचं, एका! फरजाना पडद्यामागून बघायली व्हती. दोन्ही बाह्या त्यांच्या हातात. म्हनलं, "व्हय साहेब, बाहेरचाच हाय... जेवून घ्या, दालचा गरम हाय तवर."