नेटाच्या नावची मेणबत्ती

—कोट नंतर काढ, आधी खा. त्स्वीबाक आहेत, घरचे — वरचा छोटा पाव आधी तोडून खायचा, पणजीनं शिकवलं नाही तुला? लिझे मावशीनं? हो, मावशीच ती माझी. दचकतेस काय? कॅनडाहून आलेली एवढी पोरं, त्यांतली तूच माझ्या घरी उतरलीस ती काय आपोआप? मीच पाद्रीबुवांच्या मागे लागले, मला ती मारिसाच द्या म्हटलं.

आणि ही मेणबत्ती — वाचता येतं मला, नेटाचं नाव आहे. शंभर वर्षांपूर्वी आपले मेनोनाइट पंथाचे लोक रशिया सोडून कॅनडाला निघाले, तेव्हा वाटेत गेलेली लेकरं — संध्याकाळी चर्चमध्ये एकेकाच्या नावानं लावायची, होय ना? कशानं गेली म्हणे नेटा? — ताप. छान.

ताप नव्हता गं, खुपऱ्या होत्या डोळ्यांत. कॅनडाच्या डॉक्टरनं स्टेशनवर पापणी उलटून पाहिली नि म्हणाला, ही नाही. सहा वर्षांची पोर. आईबापांनी आत्याकडे ठेवली, डोळे बरे झाले की बोलावतो म्हणाले, आणि गाडी हलली तेव्हा डब्यांतून सगळे देवाचे आभार मानत गात होते — तेच स्तोत्र तुम्ही आज बसमधून गात आलात. डोळे झाले की बरे. पण पुढं सरहद्दच बंद झाली, त्यात कुणाचा दोष? नाहीच. मग लढाईत सरकारनं, जर्मन बोलणारे म्हणून, आईला गुरांच्या डब्यातून कझाकस्तानात नेऊन टाकलं — हो, आई, नेटा माझी आई — त्या वाटेनं नाही फिरवत तुमची बस? तिथंच म्हातारी झाली. शेवटपर्यंत चष्म्याशिवाय सुई ओवायची.

इथं जर्मनीत राहायला आल्यावर मी गेले होते की कॅनडात तुमच्याकडे. लिझे मावशीनं गालावरून हात फिरवला, रडली. तेवढ्यात शेजारीण आली, तर तिला म्हणते, ह्या रशियाकडच्या पाहुण्या, चर्चनं पाठवल्यात. मी कपबशा विसळल्या. लाज मलाच वाटली, बघ. राग आता येतोय, तोही तुझ्यावर, आणि तू तर काहीच केलं नाहीस.

रडू नकोस. एवढंच कर — आज मेणबत्ती लावताना सांग, ही मेली नव्हती, हिला आम्ही मागे ठेवून गेलो. बस. मी पुढच्या बाकावर बसेन. आईची शाल कालच इस्त्री करून ठेवलीय.

काय? आजोबांना विचारायला हवं? त्यांना धक्का बसेल? अगं, तेव्हा परत येताना मला विमानतळावर सोडायला तेच आले होते. गाडीत म्हणाले, ताई, आमच्या आईला आता या वयात नका त्रास देऊ. सगळं ठाऊक आहे त्यांना. — मग हे नाव कुणी दिलं तुला, लावायला?

त्यांनीच.

बरं. खाल्लंस ना? मग ऊठ, सगळे वाट बघत असतील. नाही, मी नाही येत. भांडी पडलीत माझी.