वकीलसाहेबांचा शर्ट

साक्ष? मी? ताई, हे लाँड्रीचं दुकान आहे, कोर्ट नव्हे! दुकान समोर आहे म्हणून मी पाहिलंच असणार, असं थोडंच आहे? नवरा दवाखान्यात पडलाय — ऐकलं, वाईट वाटलं. पण पोलिसांना सांगून काय होणार? तो फौजदार आला होता ना परवा — आला काय, खुर्चीत बसला काय, पंखा मोठा करायला लावला काय! ‘कुणी पाहिलं का?’ एवढं विचारलं नि निघाला. याच्या भरवशावर राहायचं? म्हणून तर लोक हात उचलतात. आणि लोक तरी कसले! एकेकटे असते तर एकाची बोलायची छाती झाली नसती, चौदा जमले तेव्हा शूर झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे शर्ट इथे हजर — रक्ताचे डाग, आणि थापा तरी काय! एक म्हणे बीट चिरत होतो, दुसरा म्हणे दाराला रंग देत होतो. मास्तरांचा तर म्हणे घोळणा फुटला! रक्त मला कळत नाही होय? थंड पाणी, मीठ — काढले सगळे घासून. हो, काढले! गिऱ्हाइकाचा कपडा आहे, मग काय जपून ठेवू?

आणि त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. महिन्याभरात दोनदा दोरीवरचे कपडे गेले इथले. त्यात हा अनोळखी माणूस, अंगावर वकीलसाहेबांचा शर्ट! त्यांचाच — माणूस विसरेन एक वेळ, कपडा नाही विसरणार. आणि खात्री केल्याशिवाय मी बोलत नाही हां. मागून जाऊन कॉलर उलटी केली, आतली खूण पाहिली, माझ्याच हातची. मगच ओरडलो. आता साहेबांनी जुना झाला म्हणून आपल्या ड्रायव्हरला देऊन टाकलाय, हे मला काय स्वप्न पडणार? तोही नुसता ‘साहेबांनी दिला, साहेबांनी दिला’ — सगळे चोर हेच म्हणतात! मी तर हातही लावला नाही. म्हणजे... कॉलर धरली तेवढीच. नंतर बाजूलाच उभा होतो. थांबा म्हणणार होतो, पण ऐकतंय कोण... नाही, म्हणालो नाही.

अशा काय बघताय? ‘चोर’ म्हणून मीच ओरडलो, हे कळलं म्हणूनच आलात ना? नाही? त्यानं सांगितलं असेलच की... काय? शुद्धीवरच नाही अजून?

...सरका, ताई. सरका म्हणतो ना! मागे लोक उभे आहेत.