ओटा पाडायला आलेली बाई

गुडघा गेला की बाईनं घरी बसावं म्हणे. बसतेय मी! पन्नाशीत मला नकाशा अन् होकायंत्र घेऊन खुणा शोधत पळायच्या शर्यतीचं वेड. वर्षभर पळता आलं नाही, म्हणून नकाशा घेऊन नवागामच्या गल्ल्यांतून लंगडत सराव करायचे.

परवा एक म्हातारा खुर्ची घेऊन आडवा आला. "बसा मॅडम, चहा घ्या. आमचा ओटा रस्त्यात आलाय खरा, पण पाडू नका."

"मी महापालिकेची नाही हो! शर्यतीत पळते मी."

"ह्या पायानं?"

डोकंच फिरलं माझं. नकाशा काखोटीला मारला अन् कोपऱ्यापर्यंत सुसाट पळाले. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. मला रडूच फुटलं.

मागून म्हातारा गल्लीला सांगत होता, "बघा, ओळखलं तशी पळाली!"